आधी तार, मग कार्ड

मराठीच्या प्राध्यापकाने केशवसुतांवर लिहावे, संतवाङ्मयावर लिहावे, फार तर शुद्धलेखनाच्या नियमांवर कुरकुर करावी. राउटर नावाच्या यंत्रात कोणते कार्ड घालावे याविषयी दिवाळी अंकाची पाने अडविण्याचे त्याला कारण काय, असे वाचक विचारतील. कारण अगदी साधे आहे. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात खरेदी समिती नावाची एक समिती आहे. तिच्यावर प्रत्येक शाखेचा एक सभासद असतो आणि कला शाखेच्या वाट्याची ती खुर्ची गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. खडूच्या पेट्यांपासून जिमखान्याच्या चटयांपर्यंत जे जे विकत घ्यावयाचे, त्याच्या प्रत्येक कागदावर माझी सही लागते. आता, ज्या कागदावर सही करावयाची तो समजून घेतल्यावाचून करू नये, हा आमच्या घरचा जुना दंडक आहे. त्या दंडकापायीच मी या विषयात शिरलो आणि शिरलो तो रमलो.

झाले होते असे. पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी संगणक विभागाला दोन वापरलेले राउटर भेट दिले. दोन्ही सिस्को कंपनीचे. एक १८४१ या क्रमांकाचा, दुसरा त्याहून थोराड असा २८११. शिवाय आवश्यक ती कार्डे आणि तारा घेण्यासाठी थोडी रोख रक्कमही दिली. ही यंत्रे २००४ साली बाजारात आली, २०११ मध्ये त्यांची विक्री थांबली आणि २०१६ मध्ये कंपनीने त्यांची देखभालही सोडून दिली. बाहेरचे इंटरनेट त्यांच्यावरून कॉलेजात आणणे शहाणपणाचे नव्हे. कारण सुरक्षिततेची नवी दुरुस्ती त्यांना मिळत नाही. पण शिकावयाला? शिकावयाला ती सोन्याच्या मोलाची आहेत. राउटरचे आतडे-कातडे उघडून पाहावयाचे तर ते निवृत्त राउटरचेच पाहावे.

आमच्या बी. एस्सी.च्या मुली आसपासच्या खेड्यांतून एस. टी.ने येतात. शहरातल्या खाजगी क्लासची फी ऐकली की त्यांच्या घरचे गप्प होतात. इतके दिवस त्या संगणकाच्या पडद्यावरच्या चित्रातले राउटर जोडून परीक्षा देत होत्या. त्यासाठी पॅकेट ट्रेसर नावाचे एक फुकट मिळणारे साधन आहे आणि ते उत्तमही आहे. मी संगणक विभागाच्या बाईंना विचारले, “बाई, चित्रावर जमते आहे ना सारे? मग खरे यंत्र कशाला?”

बाई म्हणाल्या, “सर, चित्रातली तार कधी सैल होत नाही.”

या एका वाक्याने माझा त्या खरेदीला पाठिंबा मिळाला. परंतु विक्रेत्याने पाठविलेले दरपत्रक हाती आले आणि त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य वाचले, तेव्हा मी बाईंना म्हटले, “देणगी एकदाच मिळाली आहे. येत्या शनिवारी दोघे बसू आणि ओळ न् ओळ तपासू.” त्या शनिवारी आणि पुढच्या काही दिवसांत जे उमजले, ते येथे सांगतो. एखाद्या शाळेच्या, पतपेढीच्या वा ग्रंथालयाच्या खरेदी समितीवर माझ्यासारखाच कोणी बिगर-तंत्रज्ञ बसला असेल, तर त्याच्या उपयोगी पडेल.

फलाट आणि रस्ते

राउटर म्हणजे काय, हे एस. टी.च्या स्टँडावरून चटकन समजते. गाड्या निरनिराळ्या दिशांनी येतात; कोणती गाडी कोणत्या रस्त्याला लावावयाची, हे नियंत्रक ठरवितो. राउटरही हेच काम करतो. फक्त त्याच्या गाड्या म्हणजे माहितीची लहान लहान पुडकी असतात. प्रत्येक पुडक्यावर पत्ता असतो, तो वाचावयाचा आणि योग्य वाटेला त्याला सोडावयाचे. ज्या ठिकाणी वाट यंत्राला येऊन मिळते तो झाला फलाट. त्याला पोर्ट म्हणतात.

आता काही राउटरांचे फलाट कारखान्यातच कायमचे बांधलेले असतात. असतील तेवढे असतील. वाढावयाचे नाहीत, बदलावयाचे नाहीत. उलट, दुसऱ्या जातीच्या राउटरात मागच्या बाजूस रिकाम्या खाचा ठेवलेल्या असतात. त्यांना स्लॉट म्हणतात. त्या स्लॉटात हवे ते कार्ड सरकवावे आणि हवा तो फलाट मिळवावा. आज टेलिफोनच्या तारेचा हवा आहे, ते कार्ड घाला. उद्या कार्यालयातले चार संगणक जोडावयाचे आहेत, त्याचे कार्ड घाला. घर तेच, दार तेवढे बदलावयाचे. सिस्कोने १९९८ मध्ये २६०० ही मालिका काढली, तिच्यातही ही सोय होती आणि आमचे १८४१ व २८११ हे त्याच वंशातले.

सोय मोठी खरी; पण निवड आली की चूक आली. बांधीव राउटरात चुकीचे दार घेण्याची मुभाच नसते. येथे ती आहे.

तारेला विचारा

कार्ड निवडताना माणसे ‘सर्वांत चांगले कार्ड कोणते?’ असे विचारतात आणि तेथेच फसतात. हा प्रश्न ‘सर्वांत चांगला प्रत्यय कोणता?’ असे विचारण्यासारखा आहे. विचारावयाचे ते असे: आपल्या दारात येणारी तार कोणती?

याचे उत्तम उदाहरण म्हणजे टी-वन आणि ई-वन. टेलिफोनच्या जगात एका संभाषणासाठी सेकंदाला ६४ हजार बिट्स एवढी वाट लागते, असे पूर्वीच ठरून गेले. अशा २४ वाटांचा एक जुडगा अमेरिकेने बांधला. २४ गुणिले ६४ म्हणजे १,५३६ आणि जुडगा बांधण्याच्या दोरीचे आठ, असे १,५४४ हजार बिट्स. हा टी-वन. युरोपने ३२ वाटांचा जुडगा बांधला. ३२ गुणिले ६४ म्हणजे बरोबर २,०४८ हजार. त्यांतली एक वाट ताल धरण्यास, एक खुणेच्या संदेशांस आणि उरलेल्या ३० बोलण्यास. हा ई-वन. आपल्या देशाने ई-वन स्वीकारला. बँका आणि कचेऱ्यांत ज्याला ‘दोन एमबीची लाइन’ म्हणत, ती हीच.

दोन्ही कार्डे दिसावयास सख्खी भावंडे. तोंडही तसेच, खाचही तीच. पण जुन्या पिढीत टी-वनचे कार्ड वेगळे आणि ई-वनचे वेगळे होते. दोन्ही बोलणारे कार्ड नंतरच्या पिढीत आले. परदेशातून आलेला जुना माल स्वस्त मिळतो, आणि त्यात टी-वनची कार्डे पुष्कळ असतात. स्वस्त म्हणून ते उचलले आणि आपल्याकडच्या ई-वन लाइनला लावले, तर कार्ड उत्तम, लाइन उत्तम आणि संभाषण शून्य. ई-वनमध्येही आणखी एक मेख आहे: तार ७५ ओहमची गोल कोॲक्सियल आहे, की १२० ओहमची जोडतार, हेही विचारावे लागते.

म्हणून पहिला नियम: दुकानदाराला फोन करण्यापूर्वी लाइन देणाऱ्याला फोन करावा. ‘तुमची तार माझ्या दारात कोणत्या रूपात येऊन थांबणार?’ एवढे त्याच्याकडून लिहून घ्यावे. आमच्यापुढे मात्र लाइनच नव्हती. दोन राउटर एकमेकांना जोडून मधली लाइन आम्हीच भासवावयाची होती. अभ्यासक्रमात त्यासाठी सीरियल जोडणी सांगितली आहे. तेव्हा आमची तार ठरली: सीरियल, व्ही-३५ जातीची.

खाचा चार, पण सारख्या नव्हेत

दुसरा प्रश्न खाचेचा. कार्ड खाचेत बसले म्हणजे चालेलच, असे नव्हे. या घराण्यात आधी डब्ल्यूआयसी नावाची कार्डे आली आणि नंतर अधिक वेगाची एचडब्ल्यूआयसी. नव्या खाचेत जुने कार्ड चालते. जुन्या खाचेत नवे कार्ड चालत नाही. सुनेच्या घरी सासू राहू शकते, असा एक विनोद बाईंनी यावर केला होता. तो छापावा की नाही, हे संपादकांनी ठरवावे.

१८४१ मध्ये एचडब्ल्यूआयसीच्या दोन खाचा आहेत, २८११ मध्ये चार आणि शिवाय मोठ्या मॉड्यूलसाठी एक ऐसपैस जागा. मात्र यांचाच भाऊ २८०१ पाहा. त्याच्याही मागे चार खाचा दिसतात. पण त्यांतल्या दोनच नव्या कार्डांना पूर्णपणे घेतात. एक जुन्याच कार्डांसाठी आणि एक तर केवळ आवाजाच्या म्हणजे टेलिफोनच्या कार्डांसाठी राखलेली. नुसत्या खाचा मोजून यंत्र विकत घेणाऱ्याला हे घरी आल्यावर कळते.

आमच्या दरपत्रकातली पहिली खोट येथेच सापडली. १८४१ साठी म्हणून विक्रेत्याने नऊ पोर्टांचे एक स्विच-कार्ड सुचविले होते. नऊ पोर्ट म्हणजे प्रयोगशाळेला चैनच! पण ते कार्ड दुप्पट रुंदीचे. शेजारच्या दोन खाचांमधला पत्रा काढून ते बसवावे लागते. २८११ मध्ये तो पत्रा निघतो. १८४१ च्या दोन खाचा मात्र शेजारी-शेजारी नाहीतच. त्यांच्या मध्ये यंत्राची स्वतःची दोन पोर्टे बसली आहेत. मी फूटपट्टी घेऊन यंत्राच्या पाठीशी उभा राहिलो. त्या रुंदीचे कार्ड तेथे बसणे शक्यच नव्हते. ती ओळ आम्ही तांबड्या शाईने खोडली.

याच घराण्याच्या पुढच्या पिढीत, म्हणजे २०१३ पासून आलेल्या ४००० मालिकेत, खाचेची रचनाच बदलली. तेथे एनआयएम नावाची कार्डे लागतात. आमच्यासारख्यांची जुनी कार्डे त्यात जात नाहीत आणि जाण्याचा काही जोडमार्गही नाही. तेव्हा ‘कार्ड जपून ठेवू, पुढे नव्या यंत्रात वापरू’ हा काटकसरी विचार या बाबतीत खरा ठरत नाही.

प्रत्यय आणि सामान्यरूप

तिसऱ्या प्रश्नाने मला विशेष आनंद दिला. कारण तो माझ्या विषयाच्या फार जवळचा निघाला. मराठीत ‘घोडा’ या शब्दाला ‘ला’ हा प्रत्यय थेट लागत नाही. ‘घोडाला’ म्हटले तर पहिलीतले मूलही हसेल. आधी ‘घोडा’चे ‘घोड्या’ व्हावे लागते. त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. शब्दाने आधी आपले अंग तयार केले, की मग प्रत्यय सुखाने येऊन बसतो.

राउटरचेही तेच. त्याच्या पोटात कारभार पाहणारी एक आज्ञावली असते. सिस्कोच्या यंत्रांत तिला आयओएस म्हणतात. तिच्या आवृत्त्या निघत राहतात. कार्ड आज बाजारात आले आणि यंत्रातली आवृत्ती त्याच्या आधीची असली, तर यंत्र त्या कार्डाला ओळखतच नाही. कार्ड खाचेत घट्ट बसलेले असते, वीज पोचत असते, आणि यंत्र म्हणते, येथे कोणीतरी आहे खरे, पण कोण ते ठाऊक नाही. मग लोक कार्ड बिघडले म्हणून परत पाठवितात. बिघडलेले काहीच नसते. सामान्यरूप झालेले नसते.

म्हणून कार्ड घेण्यापूर्वी यंत्राला ‘शो व्हर्जन’ ही आज्ञा द्यावी. आपली आवृत्ती कोणती, स्मृती किती, कोणकोणती पोर्टे मला दिसतात, हे सारे ते सांगते. तो पडदा छापून कागद फायलीला लावावा आणि कार्डाच्या माहितीपत्रकातील ‘किमान आवृत्ती’शी ताडून पाहावा. आमच्या दोन्ही यंत्रांची आवृत्ती पुरेशी निघाली. पाच मिनिटांचे काम. पण कार्ड परत न घेणाऱ्या विक्रेत्याशी गाठ असेल, तेव्हा त्या पाच मिनिटांची किंमत कार्डाएवढी असते.

येथेच आणखी एक गोष्ट सांगतो. कार्डे वाढविली म्हणून यंत्राची बुद्धी वाढत नाही. एका वाटेवरून दुसऱ्या वाटेला जाणारे प्रत्येक पुडके अखेर त्याच एका मेंदूतून जाते. स्टँडावर फलाट दहा केले, तरी नियंत्रक एकच असला तर गाड्या खोळंबणारच.

तारेचे टोक

चौथा प्रश्न तारेच्या टोकाचा, आणि दरपत्रकातली दुसरी खोट तेथे दडलेली होती. एका यंत्रासाठी विक्रेत्याने डब्ल्यूआयसी-१टी हे एका सीरियल पोर्टाचे कार्ड लिहिले होते आणि दुसऱ्यासाठी डब्ल्यूआयसी-२टी हे दोन पोर्टांचे. नावावरून वाटते, एकाचे दोन केले, इतकाच फरक. पण पहिल्याचे तोंड ६० टाचण्यांचे, रुंद. दुसऱ्याचे २६ टाचण्यांचे, चिंचोळे. एवढ्याशा पट्टीवर दोन पोर्टे बसवावयाची तर तोंड लहान करणे भागच होते. त्या लहान तोंडाला ‘स्मार्ट सीरियल’ म्हणतात. दरपत्रकात तारा मात्र दोन्ही स्मार्ट सीरियलच्याच होत्या. म्हणजे माल आला असता, कार्डे बसली असती आणि एक तार हातात धरून आम्ही तिला जागा शोधीत राहिलो असतो. आम्ही दोन्ही यंत्रांना डब्ल्यूआयसी-२टी असेच लिहून घेतले.

तारेची आणखी एक खुबी आहे. सीरियल जोडणीत एका बाजूने ताल धरावा लागतो आणि दुसरीने त्या तालावर चालावे लागते. ताल देणाऱ्या बाजूला डीसीई म्हणतात, घेणाऱ्या बाजूला डीटीई. खऱ्या लाइनवर ताल लाइन देणाऱ्याचा मोडेम देतो आणि आपला राउटर नेहमी डीटीई असतो. प्रयोगशाळेत मोडेम नाही. म्हणून एका राउटरला डीसीईची तार आणि दुसऱ्याला डीटीईची तार लावून त्यांची टोके एकमेकांत अडकवितात. एकाच जातीच्या दोन तारा मागविल्या तर ती टोके एकमेकांत जातच नाहीत. भजनात दोघेही टाळकरी बसले आणि पखवाज कोणीच घेतला नाही, तर जे होईल ते होते. तारांची जोडी नर-मादी, डीटीई-डीसीई, अशी शब्दांत लिहून मागवावी. ‘दोन नग’ एवढेच लिहू नये.

बसविण्याचा दिवस

सुधारलेल्या यादीप्रमाणे माल आला. बसविण्याचा दिवस डिसेंबरातला होता. आमच्याकडे डिसेंबरची हवा कोरडी. पॉलिस्टरचा सदरा अंगातून काढताना चटचट ठिणग्या ऐकू येतात. त्या ठिणग्या आपल्याला गमतीच्या वाटल्या, तरी कार्डावरच्या सूक्ष्म भागांना त्या प्राणघातक असतात, आणि आपल्याला जाणवणार नाही एवढ्या लहान ठिणगीनेही त्यांचे काम तमाम होते. म्हणून मनगटाला एक पट्टा बांधावयाचा, त्याची तार यंत्राच्या रंग नसलेल्या धातूला लावावयाची आणि मगच कार्ड पिशवीतून काढावयाचे. कार्ड कडांना धरावे. सोनेरी टोकांना बोट लावू नये. भाजी चिरताना विळी आडवी करून ठेवण्याची जशी सवय लागते, तशी ही सवय लावून घ्यावी.

त्याआधी वीज बंद. या घराण्यातली लहान कार्डे चालू यंत्रात घालण्यासाठी केलेलीच नाहीत. बटण बंद करून थांबू नये, वायर भिंतीतून काढावी. बाहेरून आलेल्या टेलिफोनच्या तारा असतील तर त्याही काढाव्यात.

बाईंनी एका विद्यार्थिनीला पुढे बोलाविले. मुलगी वर्गात फारशी बोलणारी नव्हे. तिने खाचेवरचा रिकामा पत्रा काढला आणि विचारले, “सर, हा टाकून देऊ?” बाई म्हणाल्या, “नको गं. तो पेटीत ठेव. कार्ड काढले की परत लागेल.” रिकामी खाच उघडी ठेवली तर पंख्याचा वारा भलत्या वाटेने निघून जातो आणि यंत्र तापते, शिवाय धूळ, आणि आमच्याकडे पाली, त्या वेगळ्याच.

कार्ड दोन्ही कडांच्या खोबणीत धरून तिने सरळ आत सरकविले. शेवटच्या अर्ध्या बोटावर किंचित जोर लागतो. तेथे माणसे बिचकून थांबतात. ती थांबली नाही. कार्डाची पट्टी पाठीच्या पत्र्याला टेकली तेव्हा तिने दोन्ही स्क्रू हाताने फिरविले आणि मग स्क्रू-ड्रायव्हरने आवळले, पण पिळले नाहीत. माझ्या तोंडून ‘शाबास’ निघून गेले. परीक्षेच्या गुणपत्रिकेत या अर्ध्या बोटाच्या जोराला रकाना नाही.

यंत्र काय म्हणते

यंत्र चालू केले. दोन-तीन मिनिटे त्याने स्वतःशीच पुटपुटून घेतले आणि पडद्यावर दोन सीरियल पोर्टांची नावे आली. नाव असे: सीरियल शून्य-शून्य-शून्य. त्यातला मधला आकडा खाचेचा आणि शेवटचा कार्डावरच्या पोर्टाचा. हा पत्ता कायमचा असतो, ही या पिढीची सोय. १७२१ सारख्या जुन्या यंत्रांत तसे नव्हते. तेथे दुसऱ्या खाचेत एकटेच सीरियल कार्ड असले, तर त्याचे नाव सीरियल शून्य. पुढे पहिल्या खाचेत आणखी एक घातले की नवे होते शून्य आणि जुने होते एक. घरक्रमांक बदलले आणि टपाल शेजाऱ्याकडे जाऊ लागले, तसा तो घोटाळा. खाचेचा क्रमांकही पाठीवर छापलेला असतो तोच वाचावा. डावीकडून मोजीत बसू नये.

नाव आले, पण पुढे शब्द होते ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’. नवे पोर्ट जन्मतः बंद असते, हे येथे शिकावयाचे. कार्ड बसविले म्हणजे वाट सुरू झाली, असे यंत्र मानीत नाही. मालकाने ‘नो शटडाउन’ असे स्पष्ट म्हणावे लागते. शहाण्या माणसाने दार बसविल्यावर आधी कडी लावावी आणि मग विचार करून उघडावी, अशातला हा प्रकार.

दोन्ही यंत्रांपाशी दोन तुकड्या होत्या. दोघींनी दार उघडले. डीसीईच्या बाजूने तालाचा वेग सांगितला. नवी आज्ञावली तो पुष्कळदा स्वतःच धरते, तरी सांगण्याची सवय चांगली. पडद्यावर आले: सीरियल अप, लाइन प्रोटोकॉल डाउन. पंधरा मिनिटे गेली. तार काढून पुन्हा लावून झाली. कोणी म्हणाले, कार्डच खराब. तो ‘परत घेतला जाणार नाही’चा बारीक अक्षरांतला मजकूर माझ्या डोळ्यांसमोर नाचू लागला.

मघाची ती अबोल मुलगी म्हणाली, “बाई, वरचा शब्द अप आहे. म्हणजे तार आणि ताल ठीक आहेत. बोलण्यातच काहीतरी बिनसले आहे.” आणि ती उठून पलीकडच्या यंत्रापाशी गेली. तिकडच्या तुकडीने पुस्तकातल्या पुढच्या प्रयोगाप्रमाणे पीपीपी ही बोली लावली होती. हिच्या बाजूला यंत्राची मूळची एचडीएलसी होती. तार एक, ताल एक, पण एक बाजू एका भाषेत बोलत होती आणि दुसरी दुसऱ्या. दोन्हीकडे पीपीपी केले आणि खालचा शब्दही अप झाला.

मग तिने ‘पिंग’ नावाची हाक पलीकडे दिली. हे यंत्र उत्तर मिळाले की उद्गारचिन्ह उमटविते आणि न मिळाले की पूर्णविराम. पडद्यावर ओळीने पाच उद्गारचिन्हे उमटली. विरामचिन्हे शिकविण्यात माझी वीस वर्षे गेली. पण उद्गारचिन्हाचा इतका अचूक उपयोग मी कोणत्याही उत्तरपत्रिकेत पाहिलेला नाही.

कार्ड न घेण्याचे शहाणपण

हे सारे प्रयोगशाळेचे झाले. पण कॉलेजच्या कचेरीसाठी, खऱ्या इंटरनेटसाठी कार्ड घ्यावयाचे असेल तर? तर आज बहुधा उत्तर असे की, घेऊच नका. आता लाइन देणारे पुष्कळदा काचेच्या तंतूने येतात आणि दारात एक लहान पेटी बसवून तिच्यातून साधी इथरनेटची तार हातात देतात. ती तार घेणारे पोर्ट बहुतेक राउटरांत जन्मापासूनच असते. रिकामी खाच दिसली की तिच्यात काहीतरी भरावे, असे विक्रेत्याला वाटणारच. समितीला तसे वाटण्याचे कारण नाही.

तंतू थेट राउटरात घ्यावयाचा असेल, तर मात्र एसएफपी नावाचा बोटभर लांबीचा तुकडा लागतो, आणि प्रश्न पुन्हा तोच: तार कोणती? इमारतीतल्या इमारतीत असणाऱ्या जाड गाभ्याच्या तंतूला एसएक्स जातीचा तुकडा लागतो. तो साडेपाचशे मीटरपर्यंत जातो. बारीक गाभ्याच्या एकेरी तंतूला एलएक्स. तो दहा किलोमीटर जातो. जाणे-येणे एकाच तंतूवरून असेल, तर दोन टोकांना दोन वेगळे, एकमेकांना पूरक तुकडे लागतात. दोन्हीकडे सारखे लावले तर दोघेही एकाच रंगाच्या प्रकाशात बोलतात आणि ऐकत कोणीच नाही. आणि तंतूच्या टोकाशी डोळा नेऊ नये. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण इजा करतो.

एक वही

आता आमच्या प्रयोगशाळेत राउटरांच्या शेजारी दोऱ्याने बांधलेली एक शंभर पानी वही आहे. खरेदी समितीचा सभासद म्हणून मी एवढा एकच हट्ट धरला. त्या वहीत प्रत्येक कार्डाला एक पान. कार्डाचे पूर्ण नाव, कोणत्या यंत्राच्या कोणत्या खाचेत, कोणती तार, तारेचे दुसरे टोक कोठे, आज्ञावलीची आवृत्ती कोणती, कोणी बसविले आणि कोणत्या तारखेस. यंत्रात केलेले बदल ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही आज्ञा देऊन जतन केले की नाही, याचाही एक रकाना आहे. कारण ती आज्ञा दिली नाही, तर वीज गेल्यावर यंत्र सारे विसरते, आणि आमच्याकडे वीज जाते.

पहिल्या पानावर त्या मुलीचे अक्षर आहे. खाली तिने स्वतःहून एक ओळ जोडली आहे: ‘पत्रा कपाटातल्या निळ्या पेटीत ठेवला आहे.’ ती पुढच्या वर्षी येथे नसेल. कार्ड काढण्याची वेळ जिच्यावर येईल, ती तेव्हा कदाचित बारावीतही पोचलेली नसेल. तिला तो पत्रा मिळेल.